सोळा चौकटी

डिचोलीत, बोर्डेच्या चढावर,
बाबांच्या दुकानावरच्या खोलीत
मी वारा बनवते.

एका झेंड्याला सोळा चौकटी.
सोळावी पहिलीला अशी भिडली पाहिजे
की सांधा कुणाला दिसू नये.
नाहीतर कापडाला उचकी लागते,
आणि तिकडे कुणी किल्ला घेता घेता थांबून म्हणतं,
हा झेंडा आजारी आहे काय?

दोनशे बारा झेंडे.
विजापूरचा, विजयनगरचा, होर्मुझचा,
आणि एका बंदराचा, ज्याचा रंग कुणालाच ठाऊक नव्हता.
हळदोण्याहून आन्सेल्मने कळवलं, तुला आवडेल तो दे.
मी जांभळा दिला.
सोळाव्या शतकात एवढा एक रंग माझा आहे.

खाली मशीन चालते.
बाबांनीही झेंडेच शिवले जन्मभर:
जत्रेचे, फुटबॉलच्या टीमांचे,
ट्रकवाल्यांच्या संघटनेचे,
निवडणुकीत तर समोरासमोरच्या दोन्ही पक्षांचे,
एकाच रिळाच्या दोऱ्यानं.
खाणी बंद पडल्या, ट्रकवाले यायचे थांबले.
लाल धूळ मात्र मशीनच्या पायट्यात अजून आहे.

सिंहाचं काही केल्या जमेना.
कदंबांचा सिंह, पंजा उचललेला.
पाचव्या चौकटीपर्यंत ठीक,
सहावीत लाट त्याच्या तोंडावर यायची
आणि नववीत
मांजर.

बाबा चहा घेऊन वर आले, चष्मा कपाळावर.
बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, चित्र काठीकडे घे.
काठीजवळ कापड फारसं हलत नाही.
टोकाला काढशील ते दुमडणारच, मग सिंह असो की आणखी कोण.

लाटेची उंची, काठीपाशी शून्य:
तीन रात्री मी जे सूत्रात शोधत होते
ते त्यांनी बशीत चहा ओतता ओतता सांगितलं.

मग मी सगळेच लावून दाखवले,
दोनशे बारा, एकदम, एका लयीत.
वाटलं, खूश होतील.
"म्हापशांत आनी वाळपयंत एकूच वारो?"

त्या रात्री प्रत्येक झेंडा
मी वेगळ्या चौकटीपासून सुरू केला.

राहिला एक प्रांत.
घाटाच्या पायथ्याशी, नखाएवढा.
राजा नाही, टाकसाळ नाही,
खेळ त्याला करडा चौकोन देऊन मोकळा होतो.
आन्सेल्म म्हणाला, क्रूस दे, नाहीतरी तेच घेणार आहेत.
बांद्याचा श्रीरंग म्हणाला, भगवा दे, आज ना उद्या येणारच.
दोघं महिनाभर बोलत नव्हते.

मी कपाटातून आईची कुणबी साडी काढली,
तांबडी, चौकड्यांची, लावणीच्या चिखलानं काठ कडक झालेली,
आणि स्कॅनरवर पसरली.
चौसष्ट पिक्सेलांत चौकडे मावेनात.
हलले की मुंग्या आल्यासारखे थरथरायचे.
पुसत पुसत तीन रेघा ठेवल्या,
दोन उभ्या, एक आडवी.
आईनं बघितलं. ओळखलं नाही.
मग म्हणाली, साडी नीट घडी करून ठेव.

ह्या प्रांताकडे सैन्याच्या दोनच तुकड्या.
दहाव्या खेळीच्या आत तो पडतो,
कुणीही खेळा.
मी स्वतः खेळले, तेव्हाही पडला.

बाबांनी मॉनिटरच्या काचेवर अंगठा टेकवला
झेंड्याच्या मोकळ्या टोकाशी,
गिऱ्हाइकाचं कापड दाबून बघतात तसा.
"तुवें कड शिंवूंक ना."

म्हटलं, बाबा, ह्याला उसवायला धागाच नाही.
ते जिना उतरून गेले होते.

मी कड घातली.
एका पिक्सेलची, गडद तांबडी,
सोळाच्या सोळा चौकटींत, हातानं.
पहाटेचे साडेतीन झाले.
ती मला माहीत असूनही दिसत नाही.

नवव्या खेळीला घोडदळ आलं.
झेंडा उतरला.
कड शाबूत होती.