बावीस ग्रॅम

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
जीपीओच्या घुमटाखाली, माझ्या खिडकीशी
तूबाबाई यायच्या माझगावच्या बेकरीतून,
बाहीला मैदा तसाच.
"मास्तर, जिनिव्हा," म्हणायच्या,
जणू भायखळ्याचं तिकीट मागावं.
मी पाकीट काट्यावर ठेवायचो. बावीस ग्रॅम.
कधी चोवीस, आत फोटो असला की.

हिरव्या चिठ्ठीवर दोन रकाने असतात :
आत काय आहे, आणि त्याची किंमत.
पहिल्यांदा त्या पेन धरून थांबल्या,
मागे रांग चुळबुळत होती.
"आत भाऊ आहे माझा," म्हणाल्या,
"इनायत, वय एकसष्ट, यझदच्या तुरुंगात.
बहाई म्हणून ज्या पोरांना कॉलेजात घेत नाहीत
त्यांना घरात बसवून गणित शिकवायचा.
किंमत काय लिहू?"
मी म्हटलं, कागद लिहा. किंमत शून्य.
नियम तसाच आहे.
त्यांनी शून्य काढलं, गोल, नीट,
ट्रेमध्ये नानकटाई ठेवावी तसं.

पुढचं मला हप्त्याहप्त्यानं कळत गेलं,
तिकीट चिकटवण्याइतक्या वेळात :
बापाच्या कबरीवरून बुलडोझर गेला, मग झाडं गेली.
"मेलेल्यांनाही नोटीस देतात का हो, मास्तर?"
मी डिंकाची बाटली पुढे सरकवायचो.
मनात म्हणायचो, कसली ही माणसं तिकडची.

एकदा उत्तर आलं. वाचून दाखवा म्हणाल्या.
आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.
सदर विषय अधिवेशनात सतराव्या क्रमांकावर
उपस्थित करण्यात आला.
"उपस्थित म्हणजे? इनायतचं नाव घेतलं का,
मोठ्यानं?"
मी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा.
घेतलं असेल, म्हटलं.

चार महिन्यांनी मावा केकचा पुडा घेऊन आल्या.
सुटला?
"नाही हो. चष्मा दिला परत.
दोन वर्षं आंधळ्यासारखा बसला होता.
एक काच तडकलीय, पण वाचतो."
अडतीस पत्रं. बावीसनं धरली तरी
आठशे छत्तीस ग्रॅम. त्याचा एक चष्मा.
केक मी घरी नेला. रात्री तो खाल्ला गेला नाही.

कारण कांजूरला, आमच्या बिल्डिंगीत,
चौथ्या मजल्यावर शिरसाटांकडे दर रविवारी
प्रार्थना व्हायची. येशूची. टाळ्या, ढोलकी,
दाराबाहेर वीसेक चपला.
गेल्या मार्गशीर्षात सेक्रेटरीनं कागद फिरवला
पोलीस ठाण्यासाठी : संशयास्पद जमाव.
चौदावी सही माझी.
जिन्यात उभ्याउभ्या, भिंतीवर धरून,
दुधाची पिशवी दुसऱ्या हातात.
मग हवालदार आले, चपला मोजल्या,
आणि ढोलकीवाल्या पोराला
रात्रभर बाकड्यावर बसवून ठेवलं.
मी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

तो कागद मी काट्यावर ठेवला नव्हता.
एक पान. पाच ग्रॅम असेल.

ठाण्यात गेलो. ड्युटीवरचा म्हणाला,
सही मागे घ्यायचा फॉर्म नसतो, काका.
मग साध्या कागदावर लिहून दिलं, पोच मागितली.
तो हसला, पण शिक्का मारला.
पोच घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो.
सुगंधाबाईंनी साखळी न काढता दार उघडलं.
फटीतून मी कागद आत दिला.
त्यांनी तो घेतला. वाचला की नाही, माहीत नाही.
साखळी तशीच होती.

मंगळवारी तूबाबाई आल्या.
काटा चोवीसवर थांबला.
फोटो? मी विचारलं.
"नाही," म्हणाल्या, "ह्या वेळी
जरा जास्त लिहिलंय."