मधलं अक्षर

मेथीच्या जुडीला हात लावला
आणि पुढचं मला माहीत नाही.
अकरा सेकंद, म्हणे.
गल्ल्यावरच्या मृदुलाबेननी मोजले,
त्यांना मोजायची सवय.

कागदावर डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला.
मी वाचलं: सिंकोप.
म्हटलं, कोप? कुणाचा?
या लेस्टरात कोण कोपणार माझ्यावर?
देव तर बॉयलरच्या कपाटात मांडलेत,
घरात सगळ्यात ऊब त्यांनाच.

"सिंकपी," डॉक्टर ॲश्वर्थ म्हणाली.
"ग्रीक. सिन म्हणजे सोबत. कोप्तेन, तोडणं."
सोबत तोडणं?
मला ओट्यावर गवार मोडत बसलेल्या बायका दिसल्या.

मॉनिटर लावायच्या रांगेत एव्हर्टन भेटला,
पूर्वी ड्रम वाजवायचा.
तो म्हणे, आमच्यात ही चूक नव्हे, बाई,
यावरच तर लोक नाचतात.
आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर ठोका दिला,
हवा तिथे नाही, जरासा अलीकडे.
माझा पाय हलला. मी तो खुर्चीखाली घेतला.

घरी कोश काढला.
व्याकरणातही आहे हा: शब्दाचं पोट गळणं.
उंदीर, उंदराला.
कापूस, कापसाची.
प्रत्यय लागला की मधला स्वर
मुकाट्याने उठून जातो.
कुडाळच्या शाळेत दोन वर्षं मी हेच शिकवलं,
नाव ठाऊक नसताना.
माणूस, माणसाला.

आणि हे गाव?
एकोणनव्वदच्या नोव्हेंबरात उतरले तेव्हा
स्टेशनवरची पाटी मी अख्खी वाचली,
लेइसेस्टर.
तिकीटवाला हसला.
ती अक्षरं अजून आहेत पाटीवर.
लिहायची असतात, म्हणायची नसतात.

नणंद फोनवर म्हणते, "गेलीस काय,
आणि एकदम पासष्टीचीच झालीस काय!"
मध्ये एकवीस वर्षं
मी पायमोज्यांचे अंगठे शिवले,
एका पाळीत नव्वद डझन.
ते कुठे म्हणायचं?

चोवीस तासांची पट्टी डॉक्टरने टेबलावर पसरली.
डोंगर, डोंगर, डोंगर,
मग बोटभर सपाट रेघ,
मग पुन्हा डोंगर, काही झालंच नाही असा.
पेनाने तिने गोल केला.
"चार वाजून दहा. काय करत होतात?"

त्यांनी दिलेल्या वहीत पाहिलं.
माझंच अक्षर:
चार दहा. नणंदेचा फोन.
ऐकून घेतलं.