पान एक्केचाळीस

शेडबाळ्यांच्या वहीत आम्हां पाचजणींना नाव नाही.
पान एक्केचाळीस, वर लाल शाईत: वरचा मजला.
खाली तूरडाळ, गूळ, काडेपेटी, पुन्हा तूरडाळ.
खणभागात उधारी अशीच लिहितात,
माणसाच्या नाही, जिन्याच्या नावावर.

पगार झाला की पहिल्या रविवारी यादी.
लाइटबिलाच्या पाठीवर, पाच अक्षरांत.
नसीमचं अक्षर मिरजेच्या वॉर्डात बिघडलेलं,
एकदा शेडबाळ्यांनी 'रवा'चं 'रवी' वाचलं
आणि लाकडी रवी कागदात बांधून दिली.
ती परत करायची राहिली.
तेव्हापासून आम्ही ताक करतो.

राजमती सगळ्यात शेवटी लिहिते.
कांदा, बटाटा, लसूण तिला चालत नाही,
भागाकारात मात्र ती पाचवा हिस्सा ठेवते.
वजा कर म्हटलं तर म्हणते,
एवढ्यासाठी पेन्सिल कोण झिजवणार?
चातुर्मासात मग आमचीही जेवणं
उजेड आहे तोवर उरकतात,
साडेनऊला पोटात कावळे, आणि भडंगाचा डबा.
भडंग कुणाच्या खात्यात टाकायचं
हे अजून ठरलेलं नाही.

हळद विकत आणायची नसते, ती माझ्याकडे.
यार्डात सौद्याच्या पट्ट्या लिहिते मी,
ओढणी झटकली तरी वाटीभर निघेल
असं सुरेखाताई म्हणतात,
आणि बादली पिवळी झाली म्हणून भांडतातही.

एकदाच आम्ही बेइमानी केली.
विश्रामबागेत नवं मार्ट उघडलं होतं,
गार हवा, ढकलगाडी, एकावर एक फुकट.
फरशी पुसायच्या तीन बाटल्या घेऊन आलो,
आणि कसलासा सॉस, जो अजून आहे.
दुकानासमोरून जाताना
पिशव्या पलीकडच्या हातात घेतल्या,
पाचही जणींनी, एकाच वेळी.
शेडबाळे तागडीत शेंगदाणे ओतत होते.
मान वर न करता म्हणाले,
"मीठ राहिलं असंल बघा."

जिना चढून पिशव्या उलट्या केल्या.
राहिलं होतं.
खाली कोण जाणार यावर
पाऊण तास वाद झाला.

चोरून घ्यायच्या वस्तू वेगळ्या, रोखीच्या.
नसीमची खारी, सुरेखाताईंची तपकीर,
माझं एक केस काळे करायचं पाकीट.
"वरच्या मजल्याला लावू नका," असं हळूच सांगायचं.
ते मान हलवतात.
पाचजणींची पाच गुपितं
त्यांच्या बरण्यांच्या मागच्या फळीवर असतात,
आणि त्यांच्याकडून एकही आजवर जिना चढलेलं नाही.

श्रावणात कुमुद तलाठी झाली, जतला गेली.
जाताना तिचा हिशोब चुकता,
वर साडेसदतीस रुपये, सुट्ट्यांची अडचण म्हणून, जास्त.
यादीत तिचा पोह्यांचा आकडा
मी दोन महिने तसाच लिहीत राहिले.
पोह्यांत किडे झाले. मग थांबले.

परवा जतच्या एस.टी.नं पोतं आलं.
शाळू, कंडक्टरच्या सीटखाली ठेवून.
आत चिठ्ठी: इकडे चांगला मिळतो. पाचात वाटा.
चौघींना तो वर चढवेना,
म्हणून शेडबाळ्यांच्याच काट्यावर टाकला.
एकोणीस किलो, आठशे ग्रॅम.
"निम्मा मला द्या," ते म्हणाले, "भावानं धरतो,"
आणि वही उघडली.

पान एक्केचाळीसच्या डाव्या अंगाला
चार वर्षांत शाई लागली नव्हती.
त्यांनी लिहिलं: जमा.
पेन थांबलं.
"त्या पोरीचं नाव काय ओ?
चष्मेवाली. पोहे न्यायची."

कुमुद आवटी, आम्ही सांगितलं,
चौघींनी, थोडं मोठ्यानंच.
त्यांनी आडनावासकट लिहिलं, वाळूस्तोवर फुंकर मारली.

उजवीकडे मग नेहमीचं:
मीठ एक, काडेपेटी एक,
वरचा मजला.