उघाडी

रात्री पावणेदोनला मी त्यांचा सर्व्हर बंद केला.
म्हणजे आपल्यापुरता.
त्यांच्याकडे काहीच विझलं नाही.

घणसोलीतली खोली, टेबलाखाली तापणारा डबा,
त्यात दोनशे बारा जणी राहतात,
बहुतेक नर्सेस, रात्रपाळीच्या.
कुणाचे घोटे सुजलेत, कुणाचा पगार अडलाय,
कुणी नुसतंच लिहितं : जागी आहे.
तिकडून आठवडाभर जे येत होतं
ते इथे लिहीत नाही.

सकाळी तिकडच्या चालकाचं पत्र :
तोडायचं तर दोघांनी मिळून तोडावं.
एका हाताने टाळी वाजत नाही,
मग एका हाताने दार कसं लावता?
वाक्य चांगलं होतं. मला दिवसभर पुरलं.

संध्याकाळी धारण तलावावर गेले.
हशुराम उघाडीच्या फळीला चिकटलेली कालवं खरवडत होता.
त्याच्या आज्याची उघाडी लाकडी होती,
आता जिथे सेक्टर आहे तिथे भात होता तेव्हाची.
ही लोखंडी. अक्कल तीच :
ओहोटीला आतलं पाणी फळी ढकलून जातं,
भरती आली की खाडी स्वतःच्याच जोराने
स्वतःवर दार लावून घेते.

म्हटलं, म्हणजे एकतर्फीच?
"मंग काय, खाऱ्या पान्याला इचारून बांद घालाचा?"

मी हसले. हेच ऐकायला आले होते.

पण त्याचं संपलं नव्हतं.
त्याने चाक फिरवून फळी वीतभर उचलली.
भरती अजून चढत होती,
गढूळ पाणी आत घुसलं, त्यात बोटाएवढी बोय.
"अमाशे-पुनवेला घ्यावाच लागतं थोडं.
नाय तं आतलं पानी कुजतं.
मच्छर व्हतात, आपलेच."

आपलेच.

परतताना विभावरी आठवली. त्या तिकडचीच, कोलशेतची.
पहाटे कुठल्या नाक्यावर रिक्षा उभी असते
ते आमच्या मुलींना रोज कळवायची.
आजही कळवलं असेल.
मग वाट पाहिली असेल,
मग वाटलं असेल, आपलंच काही चुकलं.
तिला कुणी सांगितलेलं नाही.
मी सांगितलेलं नाही.

डबा गुणगुणतोय. पुन्हा पावणेदोन.
यादीत त्यांचं नाव, नावापुढे चौकोन, चौकोनात फुली.
बोट तिथवर नेलं आणि परत घेतलं.
भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्या शोधली.
पंधरा दिवस.
तोवर रिक्षा कुठे मिळेल
हे मुलींना कोण सांगणार?