इथे दाबलं तर?

मियनयांग. डिसेंबर. शिकवणीचा तिसरा मजला.
खाली लोणच्यांचं दुकान; मोहरीच्या पाल्याचा आंबूस वास
जिना चढून आमच्याआधी वर्गात येऊन बसतो.
हीटर नाही. सगळे कोट घालून,
मांडीवर गरम पाण्याच्या पिशव्या.
मी फळ्यावर सहा इंग्रजी अक्षरं काढते : टेंडर.
विशेषण.
पुस्तकात त्याच्यासमोर एकच चिनी शब्द, वन-रौ :
मृदू, हळुवार. शेजारी चित्र,
आई, पाळणा, गुलाबी पडदा.

पंग दशुन हात वर न करताच बोलतो.
हॉटपॉटच्या भटारखान्यात अठरा वर्षं काढलीत त्यानं.
"बाई, आमच्या मेन्यूकार्डावर हा शब्द गोमांसापुढे आहे.
गाय स्वभावानं बरी होती, असं का छापलंय?"
वर्ग हसतो. मी लिहिते : नन्.
कोवळं, लुसलुशीत, दाताशी न भांडणारं.
मग त्याला थांबवणं कठीण :
रेषेला आडवं कापायचं, अंड्यातला पांढरा,
चिमूटभर स्टार्च, आणि चोळायचं हातानं,
हातानं, बाई, चमच्यानं नाही.

डिलिव्हरीवाला पोरगा, हेल्मेट बाकाखाली :
"मालक म्हणतो, तू अजून नन् आहेस.
म्हणजे मीपण टेंडर?"
नाही रे. तुला इंग्रजीत हिरवा म्हणतील.
का, ते मला विचारू नकोस.

न्ये बाई, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त,
चष्म्यावरून बघतात.
"परदेशी पंपांच्या कागदांवर असायचं हे.
टेंडर निघायचं, लखोटे फुटायचे, साहेब घामाघूम.
कोवळं काहीच नसायचं त्यात."
ते नाम, न्ये बाई. ते वेगळं झाड.

शी युनछिन हसत नाही.
वॉर्डातून थेट येते ती, बोटांना सॅनिटायझरचा वास.
आयर्लंडच्या परीक्षेचा सराव-कागद पुढे सरकवते. लाल फुली.
रोग्याचं पोट टेंडर आहे, असं वाक्य.
हिनं अर्थ लिहिला : पोट मऊ आहे.
मऊ पोट म्हणजे सगळं ठीक, तीच सांगते.
घरी पाठवायचं.
आणि खरं म्हणजे हात लागताच तो माणूस कळवळत होता,
आत काहीतरी फुटायच्या बेतात होतं.
"मी त्याला घरी पाठवला, बाई."
"कागदावरचा होता."
"हो. कागदावरचा."
पण नजर फुलीवरून हलत नाही.

शेजार बघा, मी म्हणते, मग अर्थ लावा.
फळ्याचे तीन भाग करते.
मांस. जखम. माणूस.
तीन कप्पे, तीन चिनी शब्द,
आणि खडू आपटून ठासून सांगते :
आपल्याकडे असा शब्दच नाही
जो दुखराही असेल आणि मायेचाही.

"थंग," न्ये बाई म्हणतात.
काय?
"थंग. गुडघा थंग करतो.
आणि माझा बाप, तोंडानं शिव्या घालत,
मला थंग करायचा.
तोच शब्द. त्याच रेघा."

मी तो फळ्यावर लिहिते.
वर आजारपणाचं छप्पर,
त्याखाली, अंग चोरून, हिवाळा.
चाळीस वर्षं लिहित्येय मी हे अक्षर.
पंग दशुन मागून :
"मांसाला नाही चालणार पण."
नाही चालणार, मी कबूल करते,
आणि तीन कप्प्यांमधली एक रेघ
बोटानं पुसते. दुसरी राहू देते.

नऊ वाजले. पोरगा हेल्मेट शोधतोय.
युनछिन सराव म्हणून
न्ये बाईंच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवते,
परीक्षेतल्या आवाजात विचारते :
इज इट टेंडर हिअर?

न्ये बाई बराच वेळ विचार करतात,
गुडघ्याचा की व्याकरणाचा, कळत नाही.
"व्हेरी," म्हणतात,
आणि बोटं तिथंच राहू देतात.