अहेराची वही

बडोद्यात, दांडिया बाजारातल्या हॉलच्या दाराशी
अहेर टिपत होतो. एकशे एक, पाचशे एक, हजार एक.
वरचा एक, जोडीला भाग जाऊ नये म्हणून.

एकशे एकाला खरंच जात नाही.
हजार एकाला सातानं जातो, अकरानं, तेरानंही;
अशा वेळी कोण सांगतं.

"सर, आणि एक कोटी एक?"
गुप्त्यांची शरयू. शाळेतही शेवटच्या बाकावरून असंच विचारायची.
तिच्या लग्नातही वही माझ्याकडेच होती,
सगळे आकडे एकानं संपणारे.

पाकिटाच्या पाठीवर भागत बसलो.
तीन नाही. सात नाही. अकरानं गेला.
आतून निघाला नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव,
तो नऊशे त्रेपन्नपर्यंत कुणालाच बधेना.

मान वर केली तर हॉलवाला खुर्च्या रचतोय.
"बाकी ठीक?" विचारायचं राहिलं.