सहा मिनिटांचा हिशेब

आमच्या ऑफिसात तासाचे दहा तुकडे करतात.
एक तुकडा सहा मिनिटांचा.
एकोणीस वर्षं मी ते वेचून
बिलावर मांडते आहे,
यार्मथ गावात, बुटांच्या दुकानावरच्या माडीवर,
जिथे खिडकी उघडली की आधी मासळीचा वास येतो,
मागून अशील.

धक्क्यावर मला सगळे ओळखतात.
"काय मर्टल, आज कुणाला सोललंत?"
लॉब्स्टरच्या नांग्यांना रबर चढवता चढवता म्हणतात,
"याच्या नांग्या बांधता येतात बघ,
तुझ्या क्रॉस्बीसाहेबाच्या नाही."
मीही हसते.
हसण्याचं बिल होत नाही.

गेल्या नोव्हेंबरात, हंगामाच्या पहिल्याच पहाटे,
एमे कोमोची बोट परत आली.
एमे आला नाही.
विमा कंपनी म्हणाली, परवान्याची मुदत संपली होती.
ओडील आमचा जिना चढली.
डिसेंबरात तिला बिल गेलं, मीच टाइप केलेलं:
कागदपत्रे वाचणे, अठरा मिनिटे.
विमा कंपनीस पत्र, चोवीस मिनिटे.
टेलिफोन, सांत्वन, बारा मिनिटे.

सांत्वन.
साहेबांच्या डायरीत तसंच होतं,
आणि माझं काम अक्षर लावायचं,
अर्थ लावायचं नाही.
खरंच बारा मिनिटं बोलले,
की सातव्या मिनिटाला फोन ठेवला
आणि उरलेली नियमाने वर चढली,
मी विचारलं नाही.

ओडीलने ते बिल दुकानाच्या फलकावर लावलं,
हरवलेलं मांजर आणि चर्चचं पॅनकेक-जेवण यांच्या मधे.
तो आठवडाभर पाववाल्याने
सुटे पैसे माझ्या हातात दिले नाहीत,
फळीवर ठेवले.
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
माझी तर चूल त्याच पायरीवर आहे.

आता हेही लिहिते, कारण कुठल्याच बिलात ते नाही.
दूसेंच्या पोराने दारूच्या नशेत
म्हातारीला गाडीखाली घेतलं,
तेव्हा अख्ख्या गावात त्याच्याकडे कोण गेलं?
फेब्रुवारीची रात्र, कोठडीतलं बाक,
पोरगा भिंतीवर डोकं आपटत होता म्हणे,
आणि साहेब उजाडेपर्यंत शेजारी बसून.
डायरीचं ते पान कोरं.
"काय लिहू?" म्हटलं, तर म्हणाले, "तारीख लिही."
गाव म्हणालं, खुन्याचा सोयरा, चांगलं घबाड मिळालं असणार.
उलट बोलायला त्यांना तोंड होतं,
पण त्यातले शब्द पोराचे होते.

एकदा अशिलांच्या ठेवीत अकरा सेंट कमी भरले.
म्हटलं, खिशातून टाका आणि घरी चला.
"आधी गेले कुठे ते कळू दे," म्हणाले.
रात्री साडेनऊला सापडले, सातच्या जागी आठ, मीच केलेला.
त्या खात्याला आमच्याकडे विश्वासखातं म्हणतात.
ते दर शुक्रवारी जुळतं.
खिडकीबाहेर काय जुळतं, माझ्याकडे वही नाही.

मार्चमध्ये ओडील आली.
बाकीचं बिल विम्याचे पैसे आल्यावर, म्हणाली,
आज फक्त ती एक ओळ.
अठ्ठेचाळीस डॉलर, दोन-दोनची नाणी,
टेबलावर एकेक करून चोवीस.
"पावती दे. कशाची, तेही लिही."

साहेब आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते.
"ओडील, राहू दे ते," असं म्हणतील वाटलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
मी लिहिलं: सांत्वन. पूर्ण रक्कम मिळाली.
कार्बनखाली नक्कल उमटली, जरा फिकी.
तिने पावतीची घडी केली, हातमोज्यात सरकवली
आणि जिना उतरली, कठड्याला न धरता.

ते तसेच उभे.
सवयीने माझी नजर घड्याळावर गेली:
चार मिनिटं.
चारचा तुकडा आमच्यात नसतो,
सहा धरावी लागतात.
मी धरली नाहीत.